तिथी पाहून किनारा

गोदावरी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते तेव्हा अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटरवर असतो. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि नाशिक, कोपरगाव, पैठण, नांदेड, राजमहेंद्री करत सुमारे १,४६५ किलोमीटरांनंतर बंगालच्या उपसागराला मिळते. कोपरगावच्या घाटावर सोडलेला दिवा जायकवाडीत अडकला नाही, तर आंध्रात पोचायचा. कोपरगावकराच्या लेखी मात्र समुद्र म्हणजे कोकणचाच. तो गाठायचा तर नदीच्या उलट दिशेनं जावं लागतं, आणि वाटेत सह्याद्री आडवा.

तरीही दिवाळीची सुट्टी जवळ आली की तालुक्यातल्या घराघरांत समुद्राचा विषय निघतो. शाळा-कॉलेजं बंद, कारखान्यांचे बॉयलर पेटलेले किंवा पेटण्याच्या बेतात, उसाची तोड अजून अंगावर आलेली नाही, लाल कांद्याच्या कामात जरा उसंत. एवढ्या फटीत जायचं असतं. मग मोबाइलवर याद्या फिरू लागतात: कोकणातले दहा स्वच्छ किनारे, न चुकवण्यासारखे पंधरा किनारे. पुतण्या-भाचे परदेशी असतील तर क्रीटच्या गुलाबी वाळूची नाही तर सार्डिनियाच्या काचेसारख्या पाण्याची छायाचित्रं येतात आणि खाली प्रश्न: आपल्याकडे असं कुठाय?

या याद्या वाचून किनारा निवडू नये, असं माझं मत आहे. त्यातली माहिती खोटी असते म्हणून नव्हे. भूमध्य समुद्रातल्या बेटाची यादी करता येते. कोकणाची तशी करता येत नाही. का ते पुढे येईलच. आधी आपल्याकडे निवड प्रत्यक्षात कशी होते ते पाहू, कारण ती रीत वाटते तितकी वेडगळ नाही.

पहिली कसोटी देवाची. ‘तिथं देव आहे का?’ हा प्रश्न घरातली आजी विचारते आणि तिच्या होकाराशिवाय गाडी निघत नाही. म्हणून नगर जिल्ह्यातली माणसं पिढ्यानपिढ्या गणपतीपुळ्याला जात आली. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, कुणकेश्वर हीदेखील त्याच हिशेबातली नावं. नुसत्या ‘बीच’साठी पाचशे किलोमीटर जाणं हे आमच्याकडे अजून पुरतं प्रतिष्ठित झालेलं नाही, देवदर्शन जोडलं की खर्चाला अर्थ येतो.

दुसरी कसोटी जेवणाची. तालुक्यात माळकरी घरं पुष्कळ. त्यांना मालवणच्या सुरमईचं काय कौतुक? त्यांना दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागरकडच्या घरगुती खाणावळी बऱ्या, जिथं केळीच्या पानावर वालाचं बिरडं, आमटी-भात आणि सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक मिळतात. उलट मासे खायलाच निघालेल्या टोळीनं दिवेआगरला उतरून शाकाहारी ताटापुढे तोंड पाडून बसावं, हेही व्हायला नको. भाकरी-ठेच्याच्या जिभेला कोकणातलं जेवण दुसऱ्या दिवशी फिकं लागू लागतं, हे लक्षात घेऊन जाणती बाई पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि उरलेला चिवडा बांधून घेतेच.

तिसरी कसोटी रस्त्याची, आणि इथं गेल्या काही वर्षांत बरंच काही बदललं. पूर्वी कोपरगावहून समुद्र म्हणजे आधी पुणं. संगमनेरवरून पुण्याला, तिथून ताम्हिणीनं माणगाव, नाहीतर भोरवरून वरंध्यानं महाड. चिपळूण-गुहागरला कऱ्हाडवरून कुंभार्ली, रत्नागिरीला आंबा घाट, मालवणला गगनबावडा नाहीतर फोंडा. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. त्याचं शिर्डीचं तोंड आमच्याच तालुक्यात आहे. पुढं भरवीर, मग इगतपुरी असं करत जून २०२५मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यानं कसाऱ्याचा घाट टळतो. पहाटे कोपरगाव सोडून दुपारच्या जेवणाला अलिबागच्या अंगाला असणं, हे आता नवस बोलण्याइतकं अवघड राहिलेलं नाही. आमणे ते पनवेल या पट्ट्यातली वाहतूक सोसायची तयारी मात्र हवी. वाचवलेला वेळ तिथं बहुधा परत द्यावा लागतो.

एक वाट मात्र लोक विसरतात. दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेस मनमाड-दौंड मार्गानं, म्हणजे आपल्या कोपरगावच्या रुळांवरूनच जाते. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत ती ब्रागांझा घाटात दूधसागरच्या कुशीतून उतरते. रात्र गाडीत काढली की ना ड्रायव्हर दमतो, ना घाटात पोरं ओकतात. मडगावला उतरलं की कोलवा आणि माजोर्डा हाकेच्या अंतरावर. गोव्याचं नाव काढलं की घरातली वडीलधारी मंडळी भुवया चढवतात, ती उत्तर गोव्याच्या ख्यातीमुळे. दक्षिण गोवा त्यांना दाखवला तर त्यांचं मत बदलेल.

आता याद्यांकडे. भूमध्य समुद्राचं तोंड जिब्राल्टरपाशी एवढं अरुंद आहे की अटलांटिकची भरती आत शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथं भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी हातभरसुद्धा नसतो. सकाळी पाहिलेला किनारा संध्याकाळी तसाच असतो, सोमवारी पाहिलेला शुक्रवारीही तसाच. म्हणून तिथल्या पुळणींची प्रतवारी लावता येते: ही रुंद, ती उथळ, ही मुलांसाठी, ती पोहणाऱ्यांसाठी. वारा कुठून आहे एवढं पाहिलं की झालं.

आपल्याकडे मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. दोन पुरुष उंचीचा हा फरक दिवसातून दोनदा. सपाट पुळणीवर याचा अर्थ असा की सकाळी जिथं घोडागाडी फिरत होती तिथं दुपारी लाट फुटते, आणि दुपारी सुरूच्या झाडांपर्यंत आलेला समुद्र सूर्यास्ताला पार लांब गेलेला असतो. उत्तरेला खंबातच्या आखाताकडे जावं तसा हा फरक वाढत जातो आणि दक्षिणेला मालवण-गोव्याकडे कमी होतो. म्हणून डहाणू-बोर्डीला चुकीच्या वेळी पोचलेला माणूस समोर पसरलेला चिखल आणि खडक पाहून विचारतो, समुद्र कुठाय? तोच माणूस सहा तासांनी आला असता तर चिकूच्या वाड्यांना टेकलेलं पाणी पाहून खूश झाला असता. किनारा एकच, आणि यादीत त्याला तारे किती द्यायचे?

किनारा निवडायचा म्हणजे आधी दिवस आणि वेळ निवडायची. त्यासाठी कोकणात एक जुना हिशेब आहे, आणि तो पाठ असायला ना इंटरनेट लागतं ना छापील कोष्टक. तिथीची पाऊणपट करायची. तिथीला तीननं गुणून चारनं भागलं की भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता; पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पूर्ण भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि तेवढ्याच तासांनी पुन्हा भरती. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, त्याचंच हे गणित. अर्धा तास इकडेतिकडे होतो, मालवणकडे भरती जरा आधी येते, तरी ठोकताळा म्हणून पक्का. कालनिर्णय काढणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. त्यांचं कॅलेंडर भिंतीवर असलं की या हिशेबाला लागणारी सगळी सामग्री घरात आहे.

कोपरगावकराला हे समजायला अवघड जाऊ नये. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांवर आपली शेती उभी राहिली. पाणी कधी सुटणार, चारीला कधी येणार, आपली पाळी रात्री दोनला की पहाटे पाचला, यावर इथल्या कुटुंबांचं झोपणं-उठणं ठरत आलं. शहरातही नळाला पाणी किती दिवसांनी येणार हे धरूनच पाहुण्यांना बोलावलं जातं. समुद्राचंही आवर्तनच आहे. फरक एवढाच की ते सोडा म्हणून मोर्चा काढावा लागत नाही, आणि ते कधी लांबत नाही.

हा हिशेब दिवाळीला लावून पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे ऐन उधाण. भाऊबीज उरकून दुसऱ्या दिवशी निघालेलं कुटुंब तृतीया-चतुर्थीला किनाऱ्यावर पोचतं. चतुर्थीला भरती दुपारी तीनला. दुपारी जेवून, लोळून, चहा घेऊन मंडळी पाच वाजता पाण्याकडे निघतात तेव्हा ओहोटी लागून दोन तास झालेले असतात आणि पाणी आत ओढत असतं. पोरांना ते कळत नाही, कारण लाटा तर किनाऱ्याकडेच येताना दिसतात. पायाखालची वाळू सरकते त्याची त्यांना मजा वाटते. कोकणातला माणूस वाडीच्या गडग्यावरून सांगत असतो, आता आत जाऊ नका. आपण त्याला हात हलवून दाखवतो.

याउलट अष्टमी. भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. दुपारभर पाणी चढतं. शिवाय पाणी भांगाचं. उधाणाला जो फरक चार मीटरच्या वर जातो तो भांगाला दीड-दोन मीटरवर येतो, ओढ कमी, सगळंच जरा सौम्य. पाण्यात खेळायचं असेल, सोबत लहान मुलं असतील, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी धावत सुटण्यापेक्षा घरी चार दिवस फराळ खावा आणि सप्तमी-अष्टमीच्या बेतानं पोचावं. गर्दीही तोवर ओसरलेली असते आणि खोल्यांचे दरही.

पण तिथी म्हणजे कवच नव्हे, हेही लगेच सांगायला हवं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूड-जंजिऱ्याजवळ पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी वद्य अष्टमी होती. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ला, मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतले आठजण गेले. तेव्हा पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. पाऊणपटीनं पाहिलं तर दोन्ही वेळा पाणी चढत असणार. चढतं पाणी नेहमी समोरूनच येतं असं नाही. पुळणीवर मध्येच उंचवटे असतात, त्यांच्यामागच्या खोलगट पट्ट्यांत ते आधी भरतं, आणि उंचवट्यावर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे छातीएवढं पाणी झालेलं असतं. तिथीवरून कळतं ते पाणी कधी कुठं असेल एवढंच. कुठं खड्डा आहे, कुठल्या दगडाशी ओढ आहे, हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

आमच्या पोरांचा आणखी एक गैरसमज असतो, आणि तो पोहता येत असल्यामुळेच होतो. इकडची मुलं विहिरीत आणि कालव्यात पोहायला शिकतात. पाठीला डबा बांधून ढकललेलं पोर आठवड्यात सूर मारायला लागतं. कालव्याच्या पाण्याला एकच दिशा असते, काठ दोन्हीकडे दहा हातांवर असतो, आणि दमलं की कडेच्या दगडाला धरता येतं. समुद्रात आत ओढणाऱ्या प्रवाहाच्या उलट हात मारत राहिलं तर तगडा पोहणारासुद्धा थकून बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यायचं असतं, हे त्याला विहिरीत कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून माझ्या हिशेबात, मुलं बरोबर असतील तर जीवरक्षक आहे की नाही ही कसोटी वाळूच्या रंगाच्या कितीतरी आधी येते. गोव्यानं २००८पासून दृष्टी या संस्थेकडे किनाऱ्यांवरच्या जीवरक्षणाचं काम दिलं आहे. पिवळ्या-लाल झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात पोहा, नुसता लाल दिसला तर उतरू नका, ही शिस्त तिथं दिसते. आपल्याकडे काही किनाऱ्यांवर माणूस असतो, पुष्कळ ठिकाणी नुसता फलक असतो, त्याच्यावरची अक्षरं खाऱ्या वाऱ्यानं उडालेली. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला कितीही देखणा असला तरी पाण्यात उतरण्यासाठी तो नव्हेच. दर्शन घ्यावं, डोंगराची प्रदक्षिणा करावी, आरे-वारेच्या रस्त्यावरून वरून समुद्र बघावा.

काही जागा तर भरती-ओहोटीच्या वेळेवरच उघडतात आणि बंद होतात. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये त्याचं काम सुरू केलं, पुढं आंग्र्यांनी तो गाजवला. भर समुद्रात असून आत गोड्या पाण्याची विहीर. ओहोटीला तिथं चालत जाता येतं, भरतीला होडीशिवाय गत्यंतर नाही. आता गंमत पाहा: पोहायला वाईट ठरवलेली तृतीया-चतुर्थी किल्ल्याला उत्तम, कारण पूर्ण ओहोटी सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला येते. ऊन चढायच्या आत जाऊन परतता येतं. अष्टमीला ओहोटी भर दुपारी, आणि भांगामुळे पाणी पुरतं हटत नाही. हरिहरेश्वरला देवळामागून खडकांवरून जी प्रदक्षिणा आहे ती ओहोटीलाच करायची. तिथं लाटेनं माणसं ओढून नेलेली आहेत, तेव्हा पुजाऱ्यानं नको म्हटलं तर हुज्जत घालू नये. हेदवीची बामणघळ नेमकी उलटी. खडकातली ती अरुंद चीर ओहोटीला पाहिली तर नुसती भेग. भर भरतीला लाट आत घुसते आणि घळीच्या टोकाला आपटून पाण्याचा लोट वर उडतो. तिच्यासाठी अमावास्येनंतरची दुपारच हवी.

ओहोटीच्या वाळूवर गाडी घालणाऱ्यांविषयी दोन शब्द. ओली वाळू डांबरासारखी टणक लागते, म्हणून मोठ्या चाकांची नवी गाडी घेतलेला माणूस थेट पाण्याकडे जातो, व्हिडिओ काढतो, आणि परत फिरताना कोरड्या भुसभुशीत पट्ट्यात चाक रुततं. तोवर पाणी वळलेलं असतं. मग ट्रॅक्टर, दोरखंड, गावातली दहा माणसं. दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून ही बातमी येतेच. वाळूत गाडी चालवण्याचा सराव आपल्या भागात काही जणांना चांगलाच आहे, पण तो रात्रीचा आणि नदीपात्रातला. समुद्रावर तो उपयोगी पडत नाही.

वाळूचं निघालंच आहे तर: इटलीतल्या सार्डिनिया बेटावर किनाऱ्यावरची वाळू, गोटे, शिंपले नेण्याला कायद्यानं बंदी आहे, दंड ५०० ते ३,००० युरो. बाटलीभर वाळू आठवण म्हणून नेणारे पर्यटक बंदरावर पकडले जातात. तिथल्याच ला पेलोसा या किनाऱ्यावर हंगामात दिवसाला १,५०० माणसांनाच प्रवेश, तोही पैसे भरून, आणि टॉवेलखाली चटई अंथरायची सक्ती, कारण ओल्या टॉवेलला चिकटून वाळू जाते. ज्या किनाऱ्यांची छायाचित्रं पाहून आपण हळहळतो त्यांची ही अवस्था आहे. बुदेली बेटावरची प्रसिद्ध गुलाबी पुळण तर १९९०च्या दशकापासून लोकांना बंदच आहे. गोदावरीच्या पात्रातून ब्रासांवर वाळू जाताना पाहिलेल्या तालुक्यातल्या वाचकाला चटईचा नियम ऐकून हसू येईल. मला तो नियम पटतो.

निळ्या झेंड्याचीही चर्चा हल्ली ऐकू येते. १९८५मध्ये फ्रान्सपासून सुरू झालेला हा उपक्रम. पाण्याची शुद्धता, कचरा, स्वच्छतागृहं, जीवरक्षक अशा ३३ निकषांवर किनारा उतरला तर त्याला झेंडा मिळतो. भारतातले पहिले आठ किनारे २०२०मध्ये त्यात आले, त्यात महाराष्ट्रातला एकही नव्हता. २०२५मध्ये आपल्याकडच्या श्रीवर्धन, नागाव, डहाणूचा पारनाका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांची नावं जाहीर झाली. आजीबाईंना घेऊन जाणाऱ्या माणसाला यात सगळ्यात मोलाचं काय, तर स्वच्छतागृह. कोकणातली कितीतरी सुंदर पुळण बायकांच्या दृष्टीनं दोन तासांच्या वर थांबण्यासारखी नसते, ती याच एका कारणानं, आणि ही गोष्ट कुठल्याही यादीत लिहिलेली नसते. याद्या करणारे बहुतेक पुरुष असावेत.

या पाचांतलं श्रीवर्धन मला कोपरगावकरांना खास सुचवावंसं वाटतं, आणि त्याला कारण आपल्या गावातलंच आहे. राघोबादादा, म्हणजे रघुनाथराव पेशवे, सालबाईच्या तहानंतर कोपरगावला येऊन राहिले आणि १७८३च्या डिसेंबरात इथंच वारले. त्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. पेशव्यांचं मूळ घर तिथलं. पेशवाईसाठी इंग्रजांची मदत घेताना याच राघोबादादांनी १७७५च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देऊ केली होती. समुद्रकाठच्या घराण्यातला हा माणूस, समुद्रकाठच्या जमिनी दुसऱ्यांना लिहून दिल्या, आणि शेवट झाला तो समुद्राकडे पाठ केलेल्या नदीच्या तीरावर. सहलीत मुलांना एवढी एक गोष्ट सांगितली तरी इतिहासाचा एक तास वाचेल.

श्रीवर्धनची पुळण लांब, उतार मंद, मागं नारळ-सुपारीच्या वाड्या. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानं या पट्ट्यातल्या वाड्या अक्षरशः झोपवल्या. सुपारीचं झाड लावल्यापासून धरतं व्हायला बरीच वर्षं जातात, त्यामुळे त्या घरांनी पाहुणे ठेवण्याचा धंदा आणखी नेटानं धरला. आपण ज्या खोलीत उतरतो तिचं भाडं बऱ्याचदा पडलेल्या वाडीची भरपाई असते, हे घासाघीस करताना आठवावं. शेजारचं दिवेआगर सावलीसाठी चांगलं. १९९७मध्ये तिथं जमिनीत सोन्याचा गणेश सापडला, २०१२मध्ये दरोड्यात गेला, २०२१मध्ये पुन्हा बसवला. देवाच्या कसोटीवर हे गाव सहज उतरतं.

मासे आणि निळं पाणी हवं असेल, आणि पावणेसहाशे-सहाशे किलोमीटरचा प्रवास सोसत असेल, तर मालवणच्या अंगाला तारकर्ली, देवबाग, भोगवे. भरती-ओहोटीतला फरक तिथं कमी आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी नितळ. तिथं पहाटे उठून रापण पाहावी. होडी अर्धवर्तुळ मारत जाळं सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांच्या हाती. ओढणारे वाळूत टाचा रोवून मागं मागं सरकतात. शेवटचा माणूस दोर सोडून पुढं जातो आणि पाण्याजवळून पुन्हा धरतो. दोर ओला, जाड, हाताला खरखरीत. तास-दीड तास हे चालतं. दोन्ही रांगा जवळ जवळ येत जातात आणि जाळ्याचा खोळ उथळ पाण्यात आला की आधी पाणी चमचमल्यासारखं दिसतं, मग आवाज येतो, हजारो शेपट्यांचा. कधी तारली-बांगड्यांनी फुगलेला खोळ, कधी नुसतीच जेलीफिश आणि प्लास्टिक. वाटे तिथंच वाळूवर पडतात. ऊस तोडणाऱ्या टोळीचं काम जवळून पाहिलेल्या माणसाला हे कष्ट ओळखीचे वाटतील. पाहुणा म्हणून दोराला हात लावलात तर कुणी नको म्हणत नाही, पण फोटो काढण्यापुरता लावू नये.

गुहागर या दोन्हींच्या मधलं. सहा-सात किलोमीटरची सलग पुळण, गावातच व्याडेश्वर, शाकाहारी जेवण उत्तम आणि बाजूच्या गावांत मासळीही. ज्यांना एकदाच जायचं आहे आणि घरातल्या सगळ्यांना थोडं थोडं खूश ठेवायचं आहे, त्यांना मी गुहागर सांगतो. काशीद सांगत नाही. तिथली वाळू पांढरी आहे खरी, पण पाणी लगेच खोल होतं आणि शनिवारी-रविवारी गर्दीही फार.

राहता राहिल्या शाळांच्या सहली. तालुक्यातल्या पुष्कळ मुलांना पहिला समुद्र एसटीच्या खिडकीतून दिसतो. रायगड-मुरूड-अलिबाग नाहीतर कोल्हापूर-पावस-गणपतीपुळे हे ठरलेले मार्ग. परवानगीचे कागद, पालकांची संमतिपत्रं, आगाराकडं गाडीची मागणी, यात मुख्याध्यापकांचा महिना जातो. तारीख ठरते ती गाडी मिळेल तशी, आणि कित्येकदा चांदणं असावं म्हणून हौसेनं पौर्णिमा धरली जाते. पौर्णिमेला भरती दुपारी बाराची. सकाळी किल्ला करून जेवून बस किनाऱ्यावर येते दोन-अडीचला, तेव्हापासून अंधार पडेपर्यंत उधाणाची ओहोटी, आणि पन्नास मुलांवर लक्ष ठेवायला चार शिक्षक. आगाराला पत्र लिहिताना कॅलेंडर शेजारी ठेवून षष्ठी ते दशमीच्या मधला दिवस मागावा, दुपारच्या ओहोटीनंतर पाणी वळेपर्यंत मुलांना किल्ल्यात गुंतवावं, आणि किनाऱ्यावर गेल्यावर पहिल्यांदा गावातल्या एखाद्या कोळ्याला गाठून पाणी दाखवून घ्यावं. त्यातही अष्टमी रविवारी येत असेल तर मुकाट सोमवारची नवमी घ्यावी. रविवारी अलिबागला समुद्र दिसायला माणसांच्या वरून बघावं लागतं, आणि सहावीतल्या पोरांची उंची तेवढी नसते.